हलक्या गोष्टींचा न्याय

गंभीर गोष्टींविषयी मत देणे त्यामानाने सोपे असते. दुष्काळ, युद्ध, लाचलुचपत यांविषयी बोलावयाचे झाले की भाषा आपणहून मदतीस धावून येते. शब्द तयार असतात आणि श्रोत्यांच्या माना डोलण्यास उत्सुक असतात. खरी पंचाईत होते ती हलक्याफुलक्या गोष्टींचा न्याय करण्याची वेळ आली म्हणजे. तेथे आपण बहुधा दोहोंपैकी एक वाट धरतो. 'पोरखेळ आहे, त्यात काय पाहावयाचे?' असे म्हणून हात झटकतो, नाही तर 'पोरे बिघडली ती यानेच' असा निकाल देऊन मोकळे होतो. या दोन्ही निकालांत एक गोष्ट समान असते. निकाल देणाऱ्याने ती वस्तू पाहिलेलीच नसते. 'समीक्षा' या शब्दाच्या पोटात 'ईक्षा' म्हणजे पाहणे आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

हलक्या वस्तूचा न्याय गांभीर्याने करावा काय, आणि करावयाचा तर तो कोणत्या मापाने, हा प्रश्न मला येथे मांडावयाचा आहे. तो अधांतरी राहू नये म्हणून एका उदाहरणाचा आधार घेतो. उदाहरण काही वाचकांना विचित्र वाटेल. ते आहे हातात धरून खेळावयाच्या एका व्हिडिओ गेमचे. आणि तोही गोल्फचा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी जो खेळ लांबून, कुंपणाबाहेरूनच पाहिला आहे त्याचा.

जपानमधील क्योतो शहरात निन्टेंडो नावाची कंपनी आहे. लाल टोपी आणि जाड मिशा असलेला मारिओ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध मानसपुत्र. या मारिओच्या हाती गोल्फची काठी देऊन 'मारिओ गोल्फ' या नावाचे खेळ कंपनीने वेळोवेळी बाजारात आणले. १९९९ साली गेम बॉय कलर या छोट्या यंत्रासाठी एक, २००४ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी 'अ‍ॅडव्हान्स टूर', आणि २०१४ च्या मे महिन्यात थ्रीडीएस या घडीच्या यंत्रासाठी 'वर्ल्ड टूर'. तिन्ही खेळ घडविले ते हिरोयुकी आणि शुगो या ताकाहाशी बंधूंच्या कॅमेलॉट या संस्थेने. चित्रे सारी कार्टूनच्या धर्तीची. गोल डोक्यांची माणसे, हसणारी झाडे, आकाशातून गडगडत येणारे ढग.

खेळण्याची रीत एका वाक्यात सांगता येते. बटण तीनदा दाबावयाचे. पहिल्या वेळी काठी मागे जाते आणि पट्टीवर एक खूण सरकू लागते. दुसऱ्या वेळी फटक्याचा जोर ठरतो. तिसऱ्या वेळी काठी चेंडूवर नेमकी कोठे बसली ते ठरते. वारा, उतार आणि गवताची उंची यांचा हिशेब आधीच मनाशी करावा लागतो. तीनदा बटण दाबण्याची ही युक्ती रूढ झाली ती १९८४ साली निन्टेंडोच्याच 'गोल्फ' या साध्या खेळामुळे. त्याची आज्ञावली सातोरू इवाता या तरुणाने लिहिली होती. पुढे २००२ मध्ये हाच तरुण निन्टेंडोचा अध्यक्ष झाला आणि २०१५ मध्ये वारला. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता या खेळांचे परीक्षण कसे झाले ते पाहू. पाश्चात्त्य देशांत आणि जपानात व्हिडिओ गेमची परीक्षणे करणे हा एक व्यवसायच आहे. आपल्याकडे जसे नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर वर्तमानपत्रात परीक्षण येते तसे. २००४ च्या 'अ‍ॅडव्हान्स टूर'चे स्वागत फार चांगले झाले. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी, दोघे नवशिके, गोल्फच्या गावात येतात, सराव करतात, एकेक स्पर्धा जिंकत जातात आणि मिळालेले गुण आपल्या फटक्याची लांबी, उंची, अचूकता यांत वाटून घेतात. कादंबरीतील नायक जसा प्रकरणागणिक वाढतो तसा येथे खेळणारा वाढतो, आणि परीक्षकांना नेमके हेच भावले. मारिओ आणि त्याचे मित्र फारच उशिरा भेटतात, ही तक्रारही अनेकांनी केली. पण ती कौतुकाच्या सुरात.

मला यातील एक गोष्ट मनापासून आवडली. चित्रे बालिश आहेत म्हणून वस्तू बालिश आहे, असे या परीक्षकांनी मानले नाही. हसऱ्या ढगांच्या मागे वाऱ्याचा आणि उताराचा जो काटेकोर हिशेब आहे, तो त्यांनी ओळखला. आपल्याकडे बालसाहित्याला ही वागणूक अजून पुरती मिळालेली नाही. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे परीक्षण 'बालगोपाळांना नक्की आवडेल' या एका वाक्यात आटोपते, आणि पुस्तक वाचले गेले की नाही याचा पत्ता लागत नाही.

२०१४ च्या 'वर्ल्ड टूर'चे स्वागत बरे झाले, पण हात राखून. मैदाने सुंदर आहेत, आव्हाने पुष्कळ आहेत, आणि इंटरनेटवरून जगभरच्या खेळाडूंशी स्पर्धा करता येते हे तर फारच छान, असे बहुतेकांनी लिहिले. मग तक्रारी आल्या. एकट्याने खेळणाऱ्यासाठी यात कथा नाही. २००४ च्या खेळातील ती वाढत जाण्याची गंमत येथे नाही. शिवाय खेळ विकावयास आला त्याच दिवशी, वेगळे पैसे देऊन घ्यावयाच्या जादा मैदानांची विक्रीही सुरू झाली. पुस्तक विकत घ्यावे आणि शेवटची प्रकरणे निराळ्या पाकिटात विकावीत, असा तो प्रकार अनेकांना वाटला.

या दुसऱ्या तक्रारीविषयी मला फार बोलावयाचे नाही. व्यापाऱ्याने माप पूर्ण द्यावे, एवढे पुरे. पहिली तक्रार मात्र विचार करावयास लावणारी आहे. वस्तूचा न्याय ती जशी आहे तशी पाहून करावा, की तिच्या थोरल्या भावंडाशी ताडून? हा प्रश्न घरोघरचा आहे. धाकटा आठवीत गेला की शिक्षक म्हणतात, 'तुझा दादा या वर्गात असताना...' आणि पोर मान खाली घालते. यात अन्याय आहे हे सांगावयास तत्त्वज्ञ नको. त्याने दादाचे आडनाव मागून घेतलेले नसते.

पण खेळाचे तसे नाही. कंपनीने ते आडनाव आपणहून, विक्रीसाठी, वेष्टनावर ठळक अक्षरांत छापले आहे. थोरल्याच्या पुण्याईवर धाकटा विकला जात असेल, तर थोरल्याशी तुलना करण्याचा हक्क ग्राहकाला आपोआप मिळतो. म्हणून परीक्षकांची तुलना मला रास्त वाटते. मात्र ती परीक्षणाच्या आरंभी नव्हे, मध्यावर यावयास हवी होती. आधी समोर आहे ते काय आहे हे सांगावे, मग नाही ते काय याची यादी करावी. कित्येक परीक्षणांत हा क्रम उलटा असतो आणि वाचकाच्या हाती फक्त उणिवांचे गाठोडे लागते.

हे सारे मी डिंभ्यास बसून लिहीत आहे. मंचर-घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव घोड नदीवरील धरणामुळे लोकांना ठाऊक आहे. धरणामागच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. ते याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. मागल्या उन्हाळ्यात एक परिचित कुटुंब येथे दिवसभरासाठी आले होते. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाकडे परदेशातील मामाने दिलेले जुने थ्रीडीएस यंत्र होते आणि त्यात हाच 'वर्ल्ड टूर'. गावातली चारपाच पोरे भोवती जमली. सकाळपासून त्यांचा विटीदांडू चालला होता, तो टाकून ती या चौकोनी डबीत डोकावू लागली. थोडा वेळ पाहून त्यांतल्या एकाने विचारले, 'यात कच्चा लिंबू असतो का?'

मी आजवर वाचलेल्या परीक्षणांत इतका मार्मिक प्रश्न मला आढळलेला नाही. कच्चा लिंबू म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावयास नको. लहान भावंड खेळात यावयाचे म्हणते, त्याला घालवून देता येत नाही आणि बरोबरीने खेळवताही येत नाही. मग त्याला कच्चा लिंबू करावयाचे. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. पण तो खेळात असतो. नियम आणि दया यांची ही गाठ मुलांनी कोणत्याही नीतिशास्त्राच्या ग्रंथाविना बांधली आहे.

गंमत अशी, की गोल्फमध्ये कच्चा लिंबू आहे, आणि तो थेट नियमांत आहे. दुबळ्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सूट मिळते. तिला हँडिकॅप म्हणतात. त्यामुळे निष्णात माणूस आणि हौशी माणूस एकाच मैदानावर, एकाच दिवशी, खऱ्या चुरशीने खेळू शकतात. निरनिराळ्या देशांत या सुटीचा हिशेब निरनिराळा होता. २०२० पासून त्यासाठी एकच जागतिक पद्धत अमलात येऊ लागली. ज्या खेळाला आपण श्रीमंतांचा आणि तुसडा समजतो, त्याच्या पोटात ही सोय असावी याचे मला नवल वाटते. 'वर्ल्ड टूर'मध्येही नवख्यासाठी फटका सोपा करून देण्याची तजवीज आहे. त्या मुलाने ती लावून दिली, आणि विटी कोलणाऱ्या हाताने चेंडू दुसऱ्याच खेपेस हिरवळीवर टाकला. परीक्षणांत या सोयीचा उल्लेख असतो, पण 'नवशिक्यांसाठी सोपा प्रकार उपलब्ध' अशा सरकारी थाटाच्या वाक्यात. ती सोय कोणाला खेळात घेते आणि तिच्याविना कोण बाहेर राहतो, हे कोणी लिहीत नाही.

त्या मुलाची आई शेजारी बसली होती. तिने विचारले, 'फादर, हा सुटीभर यातच असतो. खेळ चांगला आहे की वाईट, एवढेच सांगा. वाईट असेल तर आजच काढून घेते.' इंटरनेटवर तिने त्याचे गुण पाहिले होते. शंभरपैकी ऐंशीच्या थोडे अलीकडे. 'म्हणजे फर्स्ट क्लास आहे, पण डिस्टिंक्शनच्या जेमतेम वर,' ती म्हणाली. आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाविषयी बोलावे तशा स्वरात.

हा आकडा येतो कोठून? जपानमध्ये 'फामित्सू' नावाचे नियतकालिक आहे. १९८६ पासून तेथे प्रत्येक खेळाला चार परीक्षक दहापैकी गुण देतात आणि त्यांची चाळीसपैकी बेरीज होते. चाळीसपैकी चाळीस प्रथम मिळाले ते १९९८ मध्ये, 'झेल्डा' मालिकेतील एका खेळाला. या पद्धतीत निदान चार माणसे दिसतात, चार मते निराळी वाचता येतात. २००१ मध्ये अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ निघाले. ते शेकडो परीक्षणांतून गुण वेचते, त्यांना कमीअधिक वजन देऊन सरासरी काढते आणि एक आकडा समोर ठेवते. कोणाला कथा नाही म्हणून खेळ आवडला नाही, कोणाला कथेची कटकट नाही म्हणूनच आवडला. दोघांच्या मतांची सरासरी काढली की जे मत हाती येते ते दोघांपैकी कोणाचेच नसते. पाण्याच्या एका हंड्यात बर्फ आणि दुसऱ्यात आधण असताना 'सरासरी पाणी कोमट आहे' असे सांगण्यासारखेच हे.

आणि हा आकडा निरुपद्रवी नसतो. २०१० साली 'फॉलआऊट: न्यू व्हेगास' नावाचा एक खेळ आला. तो घडविणाऱ्या ऑब्सिडियन या संस्थेचा प्रकाशकाशी करार असा होता, की मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर जादा मोबदला मिळेल. गुण मिळाले ८४. मोबदला मिळाला नाही. संस्थेच्या एका प्रमुखाने २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितले तेव्हा बऱ्याच परीक्षकांना धक्का बसला. रात्री जागून, चहा पीत, 'आठ द्यावेत की साडेआठ' असा विचार करणाऱ्या माणसाला आपला अर्धा गुण कोणाच्या घरच्या चुलीपर्यंत जातो याची कल्पना नव्हती. न्यायाधीशाला आपल्या निकालाचा परिणाम ठाऊक असतो, परीक्षकाला नसतो. शाळेत पेपर तपासणाऱ्यालाही तो फारसा नसतो, हे मी सेमिनरीत काही वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे सांगू शकतो. पेन्सिलीने लिहिलेला आकडा शाईत उतरताना हात थोडा जड होतो. यंत्रात सरासरी काढताना कोणाचाच हात जड होत नाही.

तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नव्हते. तिला हवा होता तो नैतिक निर्णय. आणि येथे आपल्या जुन्या गुरुजनांकडे वळणे भाग आहे, कारण खेळाविषयी त्यांनी विचार केलेला आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात विनोद आणि करमणूक यांतील योग्य वागणुकीला एक स्वतंत्र सद्गुण मानले. एका टोकाला बाष्कळपणा, दुसऱ्या टोकाला रुक्षपणा, आणि मध्ये हा गुण. संत थॉमस अक्वायनसने आपल्या महाग्रंथात तो विचार उचलला आणि पुढे नेला. शरीर श्रमाने थकते तसे मनही विचाराने थकते, आणि मनाची विश्रांती म्हणजे खेळाचा आनंद, असे त्याचे म्हणणे. खेळाचा अतिरेक दोष आहेच. पण स्वतः कधी न हसणारा आणि दुसऱ्यांच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूसही सदोष आहे, हे त्याने एका स्वतंत्र कलमात सांगितले. आपल्याकडे हे दुसरे कलम फारसे कोणी वाचत नाही.

या मापाने पाहिले तर प्रश्न बदलतो. खेळ चांगला की वाईट यापेक्षा, तो खेळणाऱ्याला विश्रांती देऊन कामावर परत पाठवतो की आणखी थकवून सोडतो, हे विचारावे लागते. हे परीक्षकाला दुरून कळत नाही. ते घरातल्या माणसाला कळते, तेही आठ-पंधरा दिवस लक्ष ठेवल्यावर.

गोल्फचे नाव निघाले की डिंभ्यासारख्या गावी आणखी एक गोष्ट मनात येणे अपरिहार्य आहे. खऱ्या गोल्फला जमीन लागते आणि पाणी लागते. येथल्या जलाशयाखाली माणसांची गावे आणि भातखाचरे आहेत. पाणी कालव्याने पूर्वेकडे जाते. मेक्सिकोतील तेपोस्तलान गावाने १९९५ मध्ये आपल्या डोंगरपायथ्याशी होऊ घातलेल्या गोल्फच्या मैदानाविरुद्ध उठाव केला आणि प्रकल्प हाणून पाडला, तो मुख्यतः जमीन आणि पाणी यांच्यासाठीच. मग हसऱ्या ढगांच्या गोल्फचे कौतुक करणाऱ्या परीक्षकांनी याविषयी चकार शब्द काढू नये, हे बरे का? मला वाटते, त्यांना दोष देता येणार नाही. बुद्धिबळाचे परीक्षण करणाऱ्याने राजेशाहीविषयी बोललेच पाहिजे असे नाही. उलट, हे एकच असे गोल्फचे मैदान आहे की ज्याला पाणी पाजावे लागत नाही आणि ज्याच्या कुंपणाबाहेर कोणी उभे नसते. विटीदांडूवाल्या पोरांना त्यावर दोन मिनिटांत प्रवेश मिळाला. जवळच्या कोणत्याही खऱ्या क्लबात तो मिळाला नसता.

खऱ्या गोल्फमध्ये मात्र एक गोष्ट आहे जी या डबीत नाही, आणि तिच्याविषयी परीक्षकांनी बोलावयास हवे होते असे मला वाटते. १९२५ मध्ये अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स हा थोर खेळाडू उंच गवतातून फटका मारण्यास उभा राहिला असता चेंडू किंचित हलला. तो कोणीही पाहिला नाही. जोन्सने स्वतःच पंचांना सांगितले आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांमध्ये तो एका फटक्याने हरला. लोक स्तुती करू लागले तेव्हा तो वैतागला. दरोडा न घातल्याबद्दल कोणी माझी पाठ थोपटावी काय, अशा अर्थाचे काहीतरी बोलला. हा जोन्स १९७१ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, कॅथलिक झाला. पण तो निराळा विषय.

यंत्रातल्या गोल्फमध्ये हा प्रसंग घडूच शकत नाही. चेंडू हलला की नाही हे यंत्राला ठाऊक असते. परीक्षक या खेळांना वारंवार 'प्रामाणिक' म्हणतात. त्यांचा अर्थ असा की यंत्र रडीचा डाव खेळत नाही, चूक झाली तर ती आपलीच असते. हे खरे आहे आणि मोठे गुणवैशिष्ट्य आहे. मारिओच्याच मोटारशर्यतीच्या खेळात पुढे असलेल्याला अचानक मागे खेचले जाते आणि मुले चिडतात, तसे साध्या गोल्फमध्ये होत नाही. पण प्रामाणिकपणा येथे यंत्राचा आहे, खेळणाऱ्याचा नाही. जेथे लबाडी करताच येत नाही तेथे सचोटीची परीक्षाही होत नाही. विटी कोठे पडली आणि कोणी झेलली यावरून भांडणारी पोरे ती परीक्षा रोज देतात, अधूनमधून नापासही होतात, आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. म्हणून मला विटीदांडूच्या जागी डबी आलेली आवडणार नाही. डबी विटीदांडूनंतर आली तर हरकत नाही. यंत्र दुसरे काही शिकवते, आणि ते म्हणजे थांबणे. वारा पाहिल्याशिवाय बटण दाबू नये, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नव्हते. तो आपणहून थांबत होता. त्याच्या आईने हे पाहिले नव्हते. तिने आकडा पाहिला होता.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी घडली. मुलाने जगभरच्या स्पर्धांचे पान उघडून पाहिले. काहीच जोडले गेले नाही. निन्टेंडोने थ्रीडीएस यंत्रावरील खेळांची इंटरनेट सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. नवीन खेळ विकत घेण्याचे दुकान त्याआधीच, मार्च २०२३ मध्ये, बंद झाले होते. म्हणजे २०१४ च्या परीक्षकांनी ज्या गुणाची सर्वांत अधिक प्रशंसा केली, तो गुण आज त्या खेळात उरलेला नाही. ज्यांनी जादा मैदाने तेव्हा घेतली नाहीत त्यांना ती आता घेता येणार नाहीत. आकडा मात्र तोच आहे. परीक्षण खोटे नव्हते. परीक्षण ज्याचे होते ती वस्तूच निघून गेली. बंद पडलेल्या नाटकाचे परीक्षण कोणी तिकीट काढण्यासाठी वाचत नाही, कारण नाटक बंद पडल्याचे सर्वांना कळते. येथे वेष्टन तेच राहते, नाव तेच राहते, आणि आतला अर्धा संसार उठून गेलेला असतो. अशा वस्तूंच्या परीक्षणावर औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख ठळकपणे असावी, ही माझी सूचना. शब्दांत लिहिलेले परीक्षण निदान सांगते की स्तुती कशाची होती. मग ती गोष्ट आज आहे की नाही हे ताडून पाहता येते. आकडा काहीच सांगत नाही.

इवाताकडे परत येतो म्हणालो होतो. २०१७ मध्ये निन्टेंडोने स्विच नावाचे नवे यंत्र आणले. त्याच वर्षी काही जाणकारांना आढळले, की त्या यंत्राच्या आज्ञावलीत १९८४ चा तो साधा 'गोल्फ' गुपचूप दडवून ठेवला आहे. तो उघडावयाचा तर यंत्राची तारीख ११ जुलै असावी लागे, आणि दोन्ही हातांनी एक विशिष्ट हालचाल करावी लागे. इवाता जाहीर निवेदन करताना नेहमी करीत असे ती. ११ जुलै हा त्याच्या मृत्यूचा दिवस. कंपनीने त्याविषयी गाजावाजा केला नाही. तेहतीस वर्षांपूर्वीच्या, आज अगदीच ओबडधोबड दिसणाऱ्या खेळाविषयी कोणी तरी असेही मत दिले. त्याला गुण नव्हते आणि ते विकण्यासाठीही नव्हते. मला वाटते, त्या खेळाविषयीच्या साऱ्या मतांत हे सर्वांत विचारपूर्वक दिलेले असावे. ज्याने ते दिले त्याला तो खेळ आतून ठाऊक होता.

त्या आईला मी काय सांगितले, ते लिहितो. खेळात हिंसा नाही, ओंगळ काही नाही, आणि आता इंटरनेट बंद असल्याने कोणी परका माणूस त्यातून घरात येत नाही. त्यात कथा नाही, तेव्हा 'आता काय होईल' म्हणून रात्री जागावे असे काही नाही. तो काढून घेऊ नका. मात्र एक करा. नऊ खड्ड्यांची एक फेरी संपली की ठेवावयास सांगा. फेरीच्या मध्येच हातातून हिसकावू नका, कारण तो त्या वेळी वारा पाहत असतो. 'आणि त्याचे ते गुण?' तिने विचारले. ते दहा वर्षांपूर्वीचे आहेत, मी म्हणालो. मुलगा तोवर यंत्र मिटून विटीदांडूत गेला होता, आणि गावातल्या पोरांनी त्याला पहिल्या डावापुरता कच्चा लिंबू केले होते.